माणूस कुठे उभा आहे

कथांची निवड करायला बसलं की पहिली चाळणी कोणती लावायची, हा प्रश्न संपादकाला चुकत नाही. काळाप्रमाणे लावता येतं, लेखकाच्या नावाप्रमाणे लावता येतं, ग्रामीण, नागर, दलित, स्त्रीवादी असे तयार कप्पे तर हाताशी असतातच. या निवडीसाठी मी एकच कसोटी वापरली. कथेतला माणूस उचलायचा आणि दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवायचा. माणदेशातला म्हातारा कोकणात न्यायचा, परळचा गिरणी कामगार सदाशिव पेठेत आणायचा. एवढं करूनही कथा तशीच चालत राहिली, शेवटाला धक्का लागला नाही, तर त्या कथेतलं गाव नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यासारखं नुसतं मागे टांगलेलं होतं असं समजायचं आणि ती बाजूला ठेवायची. कथा मोडली, तर घ्यायची.

या कसोटीत काही नावाजलेल्या कथा गळाल्या, याची मला कल्पना आहे. ना. सी. फडक्यांनी लघुकथेच्या तंत्राचा आग्रह धरला आणि मराठी लेखकांच्या एका अख्ख्या पिढीला सफाईचं वळण लावलं. आकर्षक सुरुवात, वाढत जाणारी गुंतागुंत, शेवटची कलाटणी. पण त्या पद्धतीच्या कथेतली तरुण माणसं पुण्यात असली काय, कोल्हापुरात असली काय, फारसा फरक पडत नाही. टेकडीवर संध्याकाळ होते, वारा सुटतो, नायिकेचा पदर उडतो. टेकडी कोणतीही चालते. वि. स. खांडेकरांच्या रूपककथांना तर गाव नकोच असतं; तिथे नदी, फूल, दगड बोलतात आणि तात्पर्य सांगून मोकळे होतात. हे लेखन कमी दर्जाचं आहे असं मी म्हणत नाही. त्यातून अर्थ निघण्याची रीत निराळी आहे आणि या पुस्तकाचा विषय ती नाही, इतकंच.

या पुस्तकाचा विषय असा: कथेतलं ठिकाण म्हणजे त्या माणसाला काय करता येतं आणि काय करता येत नाही, याची हद्द. झाडं, डोंगर, घराचा रंग हे सगळं त्या हद्दीवरच्या खुणा. पात्र त्या हद्दीला कुठेतरी जाऊन भिडतं, तिथे कथेचा अर्थ तयार होतो. कादंबरीला ही हद्द हळूहळू आखायला शंभर पानं मिळतात. कथेला मासिकाची किंवा दिवाळी अंकाची आठ-दहा पानं. म्हणून कथाकाराला निवडावं लागतं आणि त्या निवडीत त्याचं कसब दिसतं.

मराठी कथेला ही जाण फार लवकर आली होती. हरि नारायण आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ‘स्फुट गोष्टी’ छापायला लागले. त्यांतल्या पुष्कळशा आज वाचताना लांबण लागल्यासारखं वाटतं; गोष्ट सांगता सांगता आपटे मध्येच थांबून वाचकाशी बोलत बसतात. पण ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळाची कथा अजून ताठ उभी आहे. त्या कथेत दुष्काळ ही बातमी नाही आणि देखावाही नाही. एका कष्टाळू कुटुंबाच्या चांगुलपणाला जागा किती उरली आहे, हे तो ठरवतो. अन्न असतं तेव्हा चांगुलपणा हा स्वभाव असतो, अन्न संपलं की त्याची किंमत मोजावी लागते. हीच माणसं सुकाळात ठेवा, कथा उरतच नाही.

पुढे दिवाकर कृष्णांनी कथा माणसाच्या मनात नेली. ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ हा त्यांचा संग्रह 1927चा. गृहस्थ हैदराबादेत वकिली करत होते, म्हणजे पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन गजबजाटापासून दूर. त्यांच्या कथेतला एकटेपणा तिथून आला असेल का, अशी शंका मला नेहमी येते. असो.

घर हे ठिकाण आहे, हे मराठी कथेत ठणकावून सांगितलं ते विभावरी शिरूरकरांनी. ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 साली आलं आणि एकच गदारोळ उठला. हे टोपणनाव कोणाचं, यावर त्या काळी पुष्कळ तर्क चालले होते. लेखिका होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्या संग्रहात एका कथेचं नावच आहे ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ शिकलेली, मिळवती मुलगी. तिच्या पगारावर वडिलांचं घर चालतं, म्हणून तिचं लग्न लांबत जातं. ती शाळेत जाते, चारचौघांत मानाने वावरते, पगार आणते. बाहेरून पाहणाऱ्याला ती मोकळी दिसते. तिची हद्द आहे ती वडिलांच्या घराचा उंबरठा. गंमत अशी, की तो ओलांडायला तिला कुणी मनाई केलेली नाही. फक्त ती गेली तर चूल थंडावेल, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. कथेत खलपुरुष नाही. आई-वडील वाईट नाहीत, भावंडं लहान आहेत. खलपुरुषाचं काम घराची रचनाच करते. हा शोध 1933 साली एका तरुण बाईने लावला आणि समीक्षक मात्र त्या कथा अश्लील आहेत की नाहीत यावर भांडत बसले.

यानंतर मी थेट 1949वर येतो, कारण या निवडीचा कणा तिथे आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ त्या साली निघालं. लेखक तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा. माणदेश म्हणजे सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या कडांना धरून असलेला, माणगंगेच्या काठचा कोरडा मुलूख. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि तिथून पूर्वेला काही तासांच्या वाटेवर, म्हसवड-आटपाडीच्या बाजूला, 500 मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. डोंगराने ढग अडवले की मागच्या बाजूला हे असं होतं. ही भूगोलाच्या पुस्तकातली माहिती झाली. माडगूळकर ती सांगत नाहीत. ते माणसं दाखवतात आणि माणसांवरून पाऊस किती पडला असेल ते आपल्याला कळतं.

‘धर्मा रामोशी’ घ्या. अंगावर धड वस्त्र नसलेला म्हातारा. त्याची दया येऊन सांगणारा त्याला धोतर देतो. पुढे पाहतो तर म्हातारा आहे तसाच, चिंध्यांत. मनात राग येतो, की दिलेलं धोतर गेलं कुठे? आणि मग कळतं: ते धोतर त्याच्या तरण्या मुलीच्या अंगावर आहे, तिने ते लुगडं म्हणून नेसलं आहे. कथेत एवढंच घडतं. पण कुठून कुठे जातं पाहा. सुरुवातीला देणारा मोठा आहे आणि घेणारा लाचार. शेवटी देणाऱ्याला आपल्या दानाची मापं चुकल्याचं कळतं. त्याला वाटलं होतं की एका माणसाला एका धोतराची गरज आहे. त्या घरात एका माणसाची गरज अशी काही नव्हतीच. हा रामोशी, एके काळी गावाची राखण करणाऱ्या जमातीतला, जी घरं राखायची त्या घरांतच काही उरलेलं नाही अशा गावातला. त्याच्या स्वभावाचा मऊपणा, त्याचं न बोलणं, हे त्या कोरड्या मुलखाशी इतकं जखडलेलं आहे की दोन्ही सुटे करता येत नाहीत.

‘माणदेशी माणसं’ ही व्यक्तिचित्रं की कथा, हा वाद परीक्षेच्या पेपरात अजून जिवंत आहे. मला त्यात फारसा रस नाही. पण वाद उद्भवला का, हे पाहण्यासारखं आहे. रूढ कथेत काहीतरी ‘घडावं’ लागतं आणि माणदेशात घडत काही नाही. पाऊस येत नाही, पीक येत नाही, माणूस कुठे जात नाही. अशा मुलखात माणूस समोर उभा करणं हीच घटना ठरते. म्हणजे कथेचा आकारसुद्धा त्या ठिकाणाने ठरवला. नामा मास्तर, झेल्या, रामा मैलकुली, बन्या बापू यांच्या चरित्रातला एकेक तुकडा एवढंच हातात येतं आणि पुरतं.

माडगूळकरांचं अनुकरण करणाऱ्यांनी मात्र घोटाळा केला. त्यांना वाटलं, बोली आली की गाव आलं. मग ‘आरं’, ‘कारं’, ‘म्या’ यांची पखरण करून कितीतरी ‘ग्रामीण’ कथा दिवाळी अंकांत निघाल्या, ज्यांत पाटील मिशीला पीळ देत होता आणि पाटलीण घुंगरासारखी बोलत होती. अशा कथांतला पाटील मिरजेचा की बीडचा, हे ओळखून दाखवावं. बोली हे ठिकाणाचं चिन्ह आहे खरं, पण ती कोण कोणाशी बोलतो आहे यावर बदलते. एकच माणूस सावकारापुढे वेगळा बोलतो, बैलाशी वेगळा, बायकोशी वेगळा. शंकर पाटलांना हे नेमकं कळलं होतं. त्यांच्या कथेत कोल्हापूरकडची बोली चढते-उतरते आणि त्या चढउतारावरून गावातली सत्ता कुणाच्या हातात आहे ते समजतं. माडगूळकर, पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे गावोगाव कथाकथन करत हिंडले, तेव्हा लोक हसून हसून बेजार व्हायचे. ते हसणं विनोदाचं होतंच. आपल्या गावची उतरंड कुणीतरी बरोबर पकडली, याचंही होतं.

सांगणारा कोणत्या भाषेत सांगतो, हा याच्याच पुढचा प्रश्न. माडगूळकरांचा निवेदक प्रमाण मराठीत सांगतो आणि पात्रं माणदेशीत बोलतात. या दोन भाषांमध्ये जेवढं अंतर आहे, तेवढं अंतर तो शिकलेला मुलगा आणि त्याचा गाव यांच्यात आहे, आणि ते त्याला टोचतं. भाऊ पाध्यांनी ‘वासूनाका’मध्ये (1965) हे अंतरच काढून टाकलं. तिथे सांगणारा स्वतः नाक्यावरच्या टोळक्यातला, त्याची भाषा नाक्याची. वर उभं राहून नाक्याकडे पाहणारं कुणी शिल्लकच नाही. आचार्य अत्रे खवळले ते शिव्यांवर, असं सगळे म्हणतात. माझा अंदाज वेगळा आहे. शिव्या मराठी माणसाला नव्या नव्हत्या. ‘ही पोरं वाईट आहेत’ असं वाचकाला सांगणारा शहाणा निवेदक त्या पुस्तकात कुठेच सापडत नव्हता, याचा तो राग असावा.

मुंबईकडे वळलोच आहोत, तर चाळीबद्दल बोलू. गिरगाव ते लालबाग पसरलेली एकखणी-दोनखणी बिऱ्हाडं, समोर सामाईक गॅलरी, टोकाला नळ आणि संडास. या रचनेत गुपित राहत नाही. नवरा-बायकोचं भांडण तिसऱ्या बिऱ्हाडात ऐकू जातं, कुणाकडे पाहुणा आला आणि काय शिजलं हे वासावरून कळतं. पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’मध्ये यातली मौज टिपली. गंगाधर गाडगीळ त्याच मध्यमवर्गीय मुंबईकडे वेगळ्या नजरेने पाहत होते. 1940च्या दशकात नवकथा आली आणि पात्रांच्या मनातले विचारांचे लोट पानोपानी वाहू लागले, तेव्हा हे सगळं पाश्चात्त्य वाचनातून आलं असं समीक्षक म्हणाले. आलं असेलही. गाडगीळ भरपूर वाचणारे होते. पण ज्या माणसाला चोवीस तासांत एकटं बसायला चार हात जागा नाही, तो लपणार कुठे? मनातच. गॅलरीतल्या गर्दीने माणसाला आत ढकललं आणि कथाकार त्याच्यामागे आत गेला. नवकथेच्या मनोविश्लेषणाचं मूळ शोधताना चाळीचा नकाशाही समोर ठेवावा, असं मला वाटतं. युद्धाचा काळ, रेशनच्या रांगा, 1944चा गोदीतला स्फोट, 1946चं नौदलाचं बंड आणि नंतरचे दंगे हे सगळं त्या गॅलरीबाहेर चालू होतं, हेही विसरू नये.

त्याच मुंबईची दुसरी कडा अण्णा भाऊ साठ्यांनी दाखवली. ‘स्मशानातील सोनं’ ही कथा मी या निवडीत सर्वांत आधी नक्की केली. भीमा वारणेच्या खोऱ्यातून पोटासाठी मुंबईत आलेला दांडगा गडी. शहरात काम मिळत नाही म्हणून उपनगराबाहेर जंगलाच्या कडेला राहतो आणि खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. एके दिवशी त्याला प्रेताच्या राखेत सोनं सापडतं. मेलेल्यांच्या अंगावरचा दागिना किंवा दातातलं सोनं जळाल्यावर राखेत उरतं, हे त्याच्या ध्यानात येतं आणि तो राख चाळू लागतो. मग पुरलेली प्रेतं उकरू लागतो. एका रात्री बड्या माणसाच्या प्रेतासाठी त्याला कोल्ह्यांशी झुंजावं लागतं. झुंजीत तो जिंकतो. प्रेताच्या तोंडात सोनं शोधताना मात्र त्याची बोटं दातांत अडकतात आणि शेवटी ती कापून काढावी लागतात. त्यानंतर बातमी येते की खाण पुन्हा सुरू होणार आहे.

ही कथा भयकथा म्हणून वाचतात, तशी ती अंगावर येतेही. पण तिची खरी ताकद तीन ठिकाणांच्या मांडणीत आहे: खाण, स्मशान, आणि पुन्हा खाण. पहिल्या खाणीत भीमाकडे हात आहेत आणि काम आहे. स्मशानात काम नाही, पण हात आहेत. शेवटी काम येतं तेव्हा हात गेलेले असतात. अण्णा भाऊ भीमाला ना पापी ठरवत, ना गरीब बिचारा. भीमाचा स्वतःचा हिशोब सरळ आहे: जिवंत माणसं शहरात पोट भरू देत नाहीत, मेलेले देतात. मुंबईतल्या श्रमाच्या बाजारावर एवढं नेमकं भाष्य करायला अण्णा भाऊंना एकही भाषण घालावं लागलं नाही, आणि ते स्वतः तर व्यासपीठावरचे शाहीर होते. पात्राचं अंग आणि त्याचं ठिकाण यांची गाठ त्यांनी बोटांवर आणून मारली. भीमाला कारकून करा किंवा खाणीच्या जागी दुकान घाला, त्या कापलेल्या बोटांना अर्थ राहत नाही.

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाला (1963) नाव देणाऱ्या कथेत ठिकाणाचं काम आणखी सूक्ष्म आहे आणि त्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. नायक दलित आहे, शिकलेला आहे, रेल्वेत नोकरी लागते ती गुजरातेत. तिथे राहायला जागा हवी तर जात विचारली जाते. तो ती लपवतो. पुढे काय होतं, ते वाचकाने कथेतच वाचावं. माझा मुद्दा नेमणुकीचा आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात त्याला जात चोरता आली नसती. आडनाव सांगितलं की गाव विचारतात, गाव सांगितलं की कुठल्या आळीतले ते विचारतात, आणि तिसऱ्या प्रश्नाला सगळं उघड होतं. मराठी आडनाव हा एक पत्ताच असतो. परमुलखात तो पत्ता कुणाला वाचता येत नाही, म्हणून चोरी शक्य होते आणि म्हणूनच तो तात्पुरता माणूस होतो. कथा विचारते ती गोष्ट ही: अनोळखी मुलखात मिळालेला मान खरा मानायचा का? बागुलांचा नायक प्रमाण, कधी कधी तर भाषणासारख्या धगधगत्या मराठीत बोलतो, याबद्दल काही जण नाक मुरडतात. त्यांना दलित पात्राने बोलीत बोलायला हवं असतं. पण या माणसाने आपल्या बोलीसह सगळाच पत्ता पुसला आहे. तो दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार? पुढे ‘मरण स्वस्त होत आहे’मध्ये (1969) ‘मैदानातील माणसे’ ही कथा आली. तिथे घर नाही, आळी नाही, आडनावंही फारशी उरलेली नाहीत. उघडं मैदान, थंडी आणि रात्र काढायची आहे एवढंच.

गोव्याविषयी थोडं. लक्ष्मणराव सरदेसायांनी पोर्तुगीज अमलाखालचं गोवं मराठी कथेत आणलं, हिंदू आणि ख्रिस्ती अशी दोन्हीकडची माणसं घेऊन. तिथला एक तपशील महाराष्ट्रातल्या वाचकाने लक्षात ठेवावा: मुंडकाराचं घर ज्या जमिनीवर उभं असे, ती भाटकाराची असे. अशा ठिकाणी मुंडकाराने भाटकाराला दिलेला साधा होकार आणि देशावरच्या स्वतंत्र शेतकऱ्याने सावकाराला दिलेला होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शब्द तोच असला तरी. माडाच्या सावलीचं सुंदर वर्णन वाचताना ती सावली कुणाच्या मालकीची, हे विचारायला शिकलं पाहिजे.

आता माझ्या कसोटीला सर्वांत मोठं आव्हान देणाऱ्या लेखकाकडे येतो. जी. ए. कुलकर्णी. बेळगाव भागात वाढलेले, धारवाडला इंग्रजी शिकवणारे, कुणाला फारसे न भेटणारे. ‘निळासावळा’ (1959), ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ या संग्रहांतल्या कथांना सीमाभागाचा स्पष्ट वास आहे. कानडी नावं, लहान गावांतली पडकी घरं, कारकून, शिक्षक, परकर नेसलेल्या पोरी. इथपर्यंत माझी कसोटी बिनधोक चालते. पण ‘रमलखुणा’मधल्या (1975) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथांचं करायचं काय? तिथला मुलूख कुठल्याही नकाशात नाही. काळ सांगता येत नाही. पात्रांना कधी नाव असतं, कधी नुसता धंदा. मग हीसुद्धा खांडेकरांच्या रूपककथेसारखी गावाबाहेरची कथा झाली का?

बरेच दिवस मला तसंच वाटत असे आणि म्हणून जी. एं.ची उत्तरार्धातली कथा आपल्या विषयाबाहेरची, असं मी मानत होतो. त्यांची ‘स्वामी’ ही कथा पुन्हा वाचताना मत बदललं. प्रवासात अडकलेला एक सामान्य माणूस एका मठात नेला जातो. त्याचा आदरसत्कार होतो. मग जमिनीखालच्या दालनात त्याला ठेवतात, स्वामी म्हणून. जेवण उत्तम, पुस्तकं हवी तेवढी, सेवा चोख. बाहेर पडता येणार नाही, एवढंच. मठाचं नाव काय, तो कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या संप्रदायाचा, जी. ए. काही सांगत नाहीत. पण दालनात हवा कुठून येते, उजेड किती आहे, भिंत कशी आहे, हे इतक्या बारकाईने येतं की वाचकाचा श्वास लागतो. म्हणजे ठिकाण गेलेलं नाही. ठिकाणाचं नाव गेलं आहे आणि हद्द तेवढी शिल्लक ठेवली आहे. माणदेशात हद्द पावसाने आखली होती, शिरूरकरांच्या कथेत पगाराने, बागुलांच्या कथेत आडनावाने. इथे ती उघड दगडाची भिंत आहे. आणि त्या भिंतीत जमिनीखालून वर उजेडाकडे धडपडणारी एक वेल येते, तेव्हा तिचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही, कारण ती किती खोलीवरून निघाली आहे ते आपल्याला अंगभर कळलेलं असतं. तीच वेल एखाद्या बंगल्याच्या फाटकावर चढवली, तर ती शोभेची होईल.

जी. एं.च्या अनुकरणाचाही इतिहास माडगूळकरांसारखाच आहे. धुकं, अनामिक वाटसरू, शापित नगर, गूढ म्हातारा एवढं जमवलं की जी. ए. जमले, असं वाटणाऱ्यांनी मराठी मासिकांची पुष्कळ पानं खर्ची घातली. त्यांच्या नगरात पाणी कुठून येतं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

अलीकडच्या कथांपैकी जयंत पवारांची निवड अटळ होती. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपाने मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांचं आयुष्य उलटंपालटं केलं. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. लोअर परळची फिनिक्स मिल हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या संग्रहाला 2012 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथेत पात्रं हललेली नाहीत, ठिकाण त्यांच्या पायाखालून हललं आहे. माणूस त्याच गल्लीत राहतो आणि परका होतो. माझी माणूस उचलून नेण्याची कसोटी इथे उलटी लावावी लागते: पवारांच्या माणसाला कुणी कुठे नेलेलं नाही, शहरच त्याला सोडून निघून गेलं. त्यामुळे त्यांच्या कथेत स्मृती, अफवा, भुतंखेतं आणि पोलीस चौकशी एकमेकांत मिसळतात. जागाच खात्रीची राहिली नाही, तर वास्तव सरळ रेषेत सांगायचं कसं?

नव्या कथालेखकांची एक तक्रार मी नेहमी ऐकतो. आमच्या आयुष्यात आता ठिकाण उरलेलंच नाही, असं ते म्हणतात. सगळीकडे तेच फ्लॅट, तीच कॉफीची दुकानं, तोच मोबाईल. पुण्याचं हिंजवडी काय आणि बंगळुरूचं व्हाइटफील्ड काय. मला हे पटत नाही. सोसायटीच्या फाटकावर कामवाल्या बाईला रोज रजिस्टरमध्ये सही करावी लागते आणि मालकिणीला नाही. एका लिफ्टवर ‘फक्त नोकरांसाठी’ अशी पाटी असते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाडेकरूंना घ्यायचं की नाही यावर सभा होतात. चाळीच्या गॅलरीइतकीच ही सगळी कथेची सामग्री आहे. हद्दी नाहीशा झालेल्या नाहीत, गुळगुळीत झाल्या आहेत. त्या दिसायला कथाकाराला फाटकाच्या बाहेरच्या बाजूला थोडा वेळ उभं राहावं लागेल. मेघना पेठे यांनी ‘हंस अकेला’मध्ये एकट्या शहरी बाईची खोली, तिचं दार आणि त्या दारावर येणारी माणसं घेऊन हे कधीच करून दाखवलं आहे.

निवडीतल्या उणिवा मोजायला समीक्षक समर्थ आहेत, तरी एक मीच सांगतो. झाडीपट्टी, खानदेश आणि नांदेडकडचा तेलंगणाला लागून असलेला भाग यांतल्या कथा इथे पुरेशा नाहीत. ती उणीव त्या मुलखांतल्या लेखनाची नाही; पुण्या-मुंबईच्या मासिकांवर वाढलेल्या माझ्या वाचनाची आहे. दुसऱ्या आवृत्तीचा योग आलाच, तर तिकडच्या वाचकांनी कथा सुचवाव्यात, ही विनंती.

आणि वाचकाला एक सांगणं. इथली एखादी कथा आवडली, तर तेवढ्यावर थांबू नये, त्या लेखकाचा मूळ संग्रह मिळवून सलग वाचावा. सुट्या कथेत माणूस पुरा दिसतो, पण त्याचं गाव अर्धंच दिसतं. झेल्याच्या शेजारी रामा मैलकुली वाचला, ‘स्वामी’च्या मागेपुढे जी. एं.च्या बाकीच्या कथा वाचल्या, म्हणजे उरलेलं अर्धं भरून निघतं. यांतली बरीचशी पुस्तकं अजून छापली जातात आणि जी बाजारात नाहीत ती गावोगावच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयांत बहुधा मिळतात.